पोटखराबावरची खरुची

डिसेंबरातली सकाळ, दहाचा सुमार. जालना-अंबड रस्त्यापासून थोडं आत, एका शेताच्या बांधावर मी उभा होतो. शाळू पोटरीत आलेला. बांधापलीकडे दोन-अडीच एकरांचा पडीक तुकडा होता. नुसता मुरूम, वाळलेलं कुसळी गवत आणि मधेच एखादी बाभूळ. त्या तुकड्यावर, जमिनीपासून पंधरा-एक मीटर उंचीवर, विटकरी रंगाचा एक पक्षी हवेत उभा होता. पंख भराभर हलत होते, शेपटी पंख्यासारखी पसरलेली होती, आणि डोकं मात्र खिळा ठोकल्यासारखं एका जागी स्थिर होतं.

मागून शेतमालक मामा आले. "काय बघायले सर?"

मी वर बोट केलं.

"ते होय! ते रोज येतंय. वारं सुटलं की येतंय अन् असंच लटकून ऱ्हातंय. कधी लाल दिसतंय, कधी पांढरं दिसतंय."

मामांनी एका दमात दोन पक्षी सांगितले होते. लाल दिसणारी ती खरुची, म्हणजे ससाण्यांच्या कुळातला एक छोटा पक्षी. पांढरी दिसणारी ती कापशी घार. जालन्याच्या शिवारात हवेत जागच्या जागी उभे राहणारे शिकारी पक्षी बहुतेक वेळा हे दोनच असतात, आणि नवख्या माणसाची पहिली चूक इथेच होते. वर्षानुवर्षं पक्षी पाहणारेही उन्हाच्या विरुद्ध बाजूने पाहताना फसतात. उन्हाकडे तोंड करून पाहिलं की लाल, पांढरं सगळं काळंच दिसतं. तेव्हा रंग उपयोगाचा नसतो. तेव्हा पाहायचं ते पक्षी कसा उभा आहे.

कापशी उभी राहते तेव्हा पंख पाठीवर उंच उचललेले असतात, त्यांची उघडझाप संथ असते आणि पाय पुष्कळदा खाली लोंबतात. तिची शेपटी आखूड असते. खाली यायचं झालं तर ती एकदम कोसळत नाही. थोडी उतरते, थांबते, पुन्हा थोडी उतरते, आणि शेवटी पंख वर धरून गवतात अलगद टेकते. खरुचीचे पंख लांब आणि टोकदार असतात. ते ती अंगाच्या पातळीत धरते आणि उथळ, जलद हालवते. शेपटी लांब असते, उभं राहताना पूर्ण उघडलेली, टोकाला काळा जाड पट्टा. झेपेचा शेवटचा टप्पा सरळ, वेगाने खाली. एकदा ही उभं राहण्याची ढब डोळ्यांत बसली की अर्ध्या किलोमीटरवरूनही चूक होत नाही.

रंगाची खात्री करायची तर पक्षी तारेवर बसेपर्यंत थांबावं. कापशीची पाठ राखाडी, पोट कापसासारखं पांढरं, खांद्यावर काळा डाग आणि डोळे लालभडक असतात. बसल्या बसल्या ती शेपटी वर-खाली करत राहते. खरुचीचे डोळे काळसर तपकिरी, भोवती पिवळी कडा. ही डोळ्यांची खूण मला सगळ्यांत भरवशाची वाटते. शिक्र्याचे डोळे पिवळे, नारिंगी किंवा लाल असतात, कापशीचे लाल असतात. ससाण्यांच्या कुळातल्या पक्ष्यांचे डोळे मात्र गडद असतात, आणि त्यामुळे त्यांचा चेहरा वेगळाच, काहीसा सौम्य दिसतो.

हा चेहरेपट्टीतला फरक वरवरचा नाही. आपण घार, शिक्रा, गरुड, ससाणा यांना एकाच घरातले समजतो, आणि शास्त्रज्ञही बराच काळ तसंच मानत होते. २००८ मध्ये पक्ष्यांच्या जनुकांचा एक मोठा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यातून निघालं की ससाण्यांचं जवळचं नातं घारी-गरुडांशी नाही, पोपटांशी आणि चिमण्यांसारख्या गाणाऱ्या पक्ष्यांशी आहे. पुढच्या अभ्यासांनी याला दुजोरा दिला. बाकदार चोच आणि अणकुचीदार नखं दोन्ही घराण्यांत स्वतंत्रपणे आली, कारण दोघांचा धंदा एकच. पण धंदा करण्याची रीत निराळी आहे. शिक्रा सावजाला पंज्याच्या पकडीने मारतो. ससाण्याच्या वरच्या चोचीच्या कडेला दातासारखा एक लहानसा कोंब असतो. पकडलेल्या उंदराच्या किंवा पाखराच्या मानेत तो रुतवून मणका तोडायचा, ही त्यांची पद्धत. खरुची तारेवर सावज घेऊन बसली की आधी मान वाकवून दोन-तीनदा चावा घेते. दुर्बिणीतून पाहिलं तर ती काय करते आहे हे नीट कळतं.

खरुचीची ओळख सांगताना पुस्तकं खुणांची यादी देतात. ती बरोबरच असते. मला मात्र त्या खुणा पाहताना प्रत्येक वेळी वाटतं की हिच्या अंगावरची जवळजवळ प्रत्येक खूण हिच्या पोट भरण्याच्या रीतीतून आलेली आहे. लांबी पारव्याएवढी, ३२ ते ३५ सेंटिमीटर, पण वजन पारव्याच्या निम्मं-पाऊण. नर दीड-दोनशे ग्रॅमचा, मादी त्याहून थोडी मोठी. शिकारी पक्ष्यांत मादी मोठी असणं हे नेहमीचंच. अंग हलकं आणि पंख लांब, त्यामुळे हवेत उभं राहणं परवडतं. शेपटी लांब, कारण तीच सुकाणू आणि तीच ब्रेक. पाठ विटकरी आणि तिच्यावर काळे ठिपके, म्हणजे मुरमाच्या ढेकळावर बसलेली खरुची वरून जाणाऱ्या मोठ्या शिकाऱ्याला दिसू नये. नराचं डोकं आणि शेपटी निळसर राखाडी, पाठीवर मोजके ठिपके. मादीची पाठ आणि शेपटी आडव्या काळ्या पट्ट्यांनी भरलेली. त्या वर्षीची पिल्लंही मादीसारखीच दिसतात, म्हणून आपल्याकडे हिवाळ्यात जास्त करून मादीच्या रूपातल्या खरुची दिसल्या तर नवल नाही.

डोळ्याखालून गालावर उतरणारा काळा ओघळ ही ससाण्यांची आणखी एक खूण. खरुचीत तो फिका असतो, बहिरी ससाण्यात ठसठशीत. उन्हाची तिरीप डोळ्यात जाऊ नये म्हणून हा काळा पट्टा, असं पूर्वीपासून मानलं जाई. २०२१ मध्ये केपटाऊनच्या संशोधकांनी जगभरातल्या बहिरी ससाण्यांची छायाचित्रं तपासली. जिथे ऊन कडक, तिथल्या पक्ष्यांचे गालावरचे पट्टे अधिक रुंद आणि गडद निघाले.

आता त्या उभं राहण्याकडे येऊ, कारण खरुचीचं सगळं कसब तिथे आहे. मामा म्हणाले ते "वारं सुटलं की येतंय" अगदी नेमकं आहे. खरुची हवेत उभी दिसते तेव्हा ती प्रत्यक्षात उडतच असते. तोंड वाऱ्याकडे करायचं आणि वारा ज्या वेगाने मागे लोटतो त्याच वेगाने पुढे उडायचं. दोन्हींची वजाबाकी शून्य होते आणि जमिनीवरून पाहणाऱ्याला पक्षी जागच्या जागी दिसतो. वारा पुरेसा असला तर तिला पंखही फारसे मारावे लागत नाहीत. वारा पडला तर मात्र सगळा भार पंखांवर येतो आणि दमछाक होते. म्हणून हिवाळ्यातल्या निवांत पहाटे खरुची खांबावर किंवा तारेवर बसून राहते, आणि ऊन चढून वारा वाहू लागला की कामाला लागते. वेग फार कमी झाला की पक्षी हवेतून घसरून पडण्याचा धोका असतो. त्यासाठी पंखाच्या पुढच्या कडेला, अंगठ्याच्या जागी, पिसांचा एक छोटा झुबका आहे. तो उचलला की पंखावरून जाणारी हवा फाटत नाही. चांगल्या दुर्बिणीतून हा उचललेला झुबका दिसतो. तो पहिल्यांदा दिसला त्या दिवशी मला फार आनंद झाला होता.

आणि ते खिळा ठोकल्यासारखं डोकं! नेदरलँड्समधले व्हिडेलर आणि त्यांचे सहकारी यांनी १९८३ मध्ये खरुचीच्या उभं राहण्याचं चित्रीकरण करून मोजमाप केलं. वाऱ्याची झुळूक आली की पक्षी पंख मारायचे थांबवतो. वारा त्याचं धड हळूच मागे ढकलतो, पण मान लांब होत जाते आणि डोकं तिथेच राहतं. मान ताणून संपली की चार-दोनदा पंख मारून धड पुन्हा पुढे. या सगळ्यात डोकं हलतं ते जेमतेम काही मिलिमीटर. असं करण्याने काही क्षण पंखांना विसावा मिळतो आणि ताकद वाचते. डोकं स्थिर ठेवण्याचं कारण उघड आहे. गवतात एक काडी हलली तर ती कळायला पाहणारा डोळा स्वतः हलता कामा नये.

या डोळ्यांबद्दल एक गोष्ट वारंवार सांगितली जाते. उंदीरवर्गी प्राण्यांच्या मुताच्या खुणा अतिनील प्रकाशात चमकतात, खरुचीला त्या दिसतात आणि त्यावरून ती उंदरांची वाट हुडकते. याचा उगम फिनलंडमध्ये झालेल्या आणि १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आहे. कल्पना इतकी आकर्षक की ती पाठ्यपुस्तकांत आणि माहितीपटांत जाऊन बसली. पण २०१३ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी शिकारी पक्ष्यांच्या डोळ्यांतून कोणता प्रकाश आत जातो हे मोजलं. त्यांच्या भिंगातून अतिनील प्रकाश फारसा आत जातच नाही आणि मुताच्या खुणा भोवतालच्या गवतापेक्षा उठून दिसण्याची शक्यता कमी, असं त्यातून दिसलं. म्हणून ही गोष्ट मी आता कुणाला सांगत नाही. खरुचीच्या नजरेची थोरवी सांगायला तिची गरजही नाही. एकेका डोळ्यात तीक्ष्ण दृष्टीचे दोन बिंदू आहेत, आपल्या डोळ्यात एक.

ती खाते काय, हे पाहायचं तर तिच्या बसण्याच्या जागेखाली शोधावं. त्या पडीकाच्या कडेला विजेचा एक खांब आहे. त्याच्या बुडाशी पांढऱ्या विष्ठेचे फराटे होते आणि त्यांत करड्या रंगाच्या, बोटाच्या पेराएवढ्या तीन गोळ्या पडलेल्या होत्या. जे पचत नाही, केस, पिसं, किड्यांची कवचं, ते पोटात गोळा होऊन तोंडावाटे बाहेर टाकलं जातं. त्यातली एक गोळी घरी आणून बशीत कोमट पाणी घेऊन भिजवली आणि दाभणाने उलगडली. आधी नुसती राखाडी लव सुटत गेली, उंदराची. मग नाकतोड्यांचे मागचे पाय निघाले. करवतीसारख्या काट्यांच्या त्या नडग्या अजून शाबूत होत्या. भुंग्याच्या पाठीचे दोन तुकडे पाण्यात पडताच हिरवे चमकले. हाड म्हणावं असं काही नव्हतंच, दाताचा एक बारीकसा तुकडा तेवढा. घुबडाच्या गोळीत उंदराची आख्खी कवटी सापडते. खरुचीसारख्या दिवसा शिकार करणाऱ्या पक्ष्यांच्या पोटातलं आम्ल जास्त तीव्र असल्यामुळे हाडं बरीचशी विरघळून जातात.

उंदीर, नाकतोडे, टोळ, भुंगे, सरडे, क्वचित एखादं चंडोलाचं पिल्लू. जालन्याच्या शिवारात हा सगळा जिन्नस मुबलक असतो, पण तो कुठेही मिळत नाही. कापसाच्या दाट पिकात वरून काहीच दिसत नाही. उंच वाढलेल्या शाळूतही नाही. मोसंबीच्या बागेत झाडांची छत्री आड येते. खरुचीला लागतो तो विरळ गवताचा माळ, काढणी झालेलं सोयाबीनचं रान, हरभऱ्याचं बुटकं पीक, बांधाची कड. आणि ती तिथे उगाच भटकत नाही. नेदरलँड्समध्येच सर्ज दान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये दाखवलं की आदल्या दिवशी ज्या जागी, ज्या वेळी सावज मिळालं, त्याच जागी, त्याच वेळी खरुची दुसऱ्या दिवशी पुन्हा जाते. मामांचं "रोज येतंय" त्यामुळे मला नुसतं बोलण्यातलं वाटलं नाही. पुढचे चार दिवस मी घड्याळ लावून बसलो. तीन दिवस ती दहा ते साडेदहाच्या दरम्यान आली. चौथ्या दिवशी वारा नव्हता.

ही इथली रहिवासी नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात उत्तरेकडून, हिमालय आणि त्यापलीकडच्या प्रदेशांतून खरुची मोठ्या संख्येने द्वीपकल्पात उतरतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. सह्याद्रीत मात्र बारमाही राहणारी, जराशी गडद रंगाची एक उपजात आहे. गडकिल्ल्यांवर चढणाऱ्यांनी कड्याच्या धारेवर, वर येणाऱ्या वाऱ्यावर तोलून उभी असलेली खरुची नक्की पाहिलेली असते. कुठलाच ससाणा काड्या गोळा करून घरटं बांधत नाही. कड्याची कपार, पडक्या वास्तूतलं भोक, कावळ्याचं जुनं घरटं, जे मिळेल त्यात खरुची सरळ अंडी घालते. साधारण तीन ते सहा, तांबूस ठिपक्यांची. मादी जवळजवळ महिनाभर अंडी उबवते आणि या काळात नर तिला अन्न आणून देतो. पिल्लं महिना-सव्वा महिन्यात उडतात. त्यांतली निम्म्याहून अधिक पहिल्या वर्षातच मरतात. उभं राहणं उपजत असेल, पण उभं राहून नेमकं कोसळणं शिकावं लागतं, आणि शिकताना उपाशी राहावं लागतं.

जालन्यात दिसू शकणारा दुसरा छोटा ससाणा म्हणजे तुरुमती, आणि हा मात्र इथलाच. आकार खरुचीएवढाच, पण स्वभाव पार वेगळा. डोक्यावर आणि मानेवर गडद तांबूस टोपी, पाठ निळसर राखाडी, पोटावर बारीक आडव्या रेघा. तुरुमती हवेत उभी राहण्याच्या भानगडीत पडत नाही. पिकाच्या शेंड्यांवरून सरळ, बाणासारखी जाते. नर-मादी जोडीने शिकार करतात. एक पाखराला उठवतो, दुसरा वरून येतो. चंडोल, चिमण्या हे त्यांचं खाणं, आणि तिन्हीसांजेला वटवाघळंसुद्धा. जुन्या बाजदारांच्या भाषेत मादीला तुरुमती आणि नराला चेटवा म्हणत. उंच झाडावरचं कावळ्याचं जुनं घरटं ही तिची आवडती जागा. पिल्लं असताना ती घारीलाही जवळ फिरकू देत नाही. आज तिची गणना जागतिक पातळीवर संकटाच्या उंबरठ्यावरच्या पक्ष्यांत होते. म्हणून बांधावरचं जुनं आंब्याचं किंवा चिंचेचं झाड तोडलं जातं तेव्हा मला जास्त वाईट वाटतं.

नोव्हेंबरच्या आसपास अमूर ससाण्याचे थवे महाराष्ट्रावरून जातात. काळसर राखाडी नर, लाल-नारिंगी पाय, खरुचीहूनही हलका. पूर्व सैबेरिया आणि उत्तर चीनमधून निघून, नागालँडमध्ये मुक्काम करून, भारत ओलांडून ते अरबी समुद्रावरून थेट आफ्रिकेला जातात. नागालँडमधल्या दोयांग धरणाजवळ २०१२ मध्ये यांची प्रचंड कत्तल उघडकीस आली होती. गावकऱ्यांनीच पुढाकार घेतला आणि २०१३ च्या हंगामात तिथे एकही पक्षी मारला गेला नाही. त्या वर्षी तीन ससाण्यांच्या पाठीवर उपग्रह यंत्रं बसवली गेली आणि त्यांना तिथलीच नावं दिली गेली. त्यातला एक पांगती, दुसरा वोखा, तिसरा नागा. एकट्या पक्ष्यापेक्षा थव्याने, आकाशात उंच, किडे पकडत जाणारे छोटे ससाणे दिसले तर अमूरची शक्यता धरावी.

राहता राहिला धोका. रब्बीत उंदीर वाढले की शेतकरी भरड्यात विष कालवून बिळांत टाकतो. त्याचं नुकसान खरं आहे आणि त्याला दुसरा सोपा उपाय हाताशी नसतो. पण ब्रोमॅडिओलोनसारख्या विषाने उंदीर लगेच मरत नाही. दोन-चार दिवस तो सुस्त होऊन उघड्यावर हिंडतो, खरुचीला आयताच सापडतो आणि त्याच्या अंगातलं विष तिच्या यकृतात जाऊन साचतं. ब्रिटनमध्ये मेलेल्या खरुचींची यकृतं वर्षानुवर्षं तपासली जातात आणि त्यांत अशा विषांचे अंश मोठ्या प्रमाणावर सापडतात. मेलेले आणि मरतुकडे उंदीर रोज गोळा करून पुरले तरी पुष्कळ फरक पडेल.

दुसरा धोका जमिनीचाच. जालन्यात जंगल जवळजवळ नाहीच. उत्तरेला अजिंठ्याच्या डोंगररांगांची शेपटं, दक्षिणेला गोदावरी, आणि मधे काळी रानं आणि मुरमाड माळ. या माळाला कुणी वाली नाही. सातबाऱ्यावर त्याची नोंद असते पोटखराब, लागवडीस अयोग्य. यंत्र आलं की तो सपाट होतो, नाहीतर वनीकरणाच्या नावाखाली त्यावर खड्डे घेऊन झाडं लावली जातात आणि लावणाऱ्याला आपण पुण्य केलं असं वाटतं. त्या गवतात धाविक पक्षी असतो, चंडोल असतात, लांडगा असतो, आणि वर हवेत खरुची. पोटखराब हा शब्द महसुलाच्या हिशेबातला आहे. त्या हिशेबात नाकतोडे मोजलेले नाहीत.

मार्चअखेर शाळू काढून झाला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी पुन्हा त्या बांधावर गेलो. ऊन तापलं होतं, वारा चांगला होता, खांब मोकळा होता. लांब, बाभळीच्या वर, काहीतरी हवेत उभं होतं. उन्हाकडे तोंड होतं, मला रंग दिसेना. मी दुर्बीण काढायला लागलो, तोवर मामा कडब्याची पेंढी खाली टाकून डोळ्यांवर हात धरून पाहत होते.

"तुमचं लाल गेलं सर, आठ दिस झाले," ते म्हणाले. "हे पाय सोडून उभं हाये. हे पांढरं."